भिंतीवरचा वेढा

संयोगितानं सांगलीत कॉलेजात असतानाच नवरा ठरवला होता. आता तो आपणच शोधल्याचं समाधान थोरल्यांना मिळवून द्यायचं तेवढं बाकी होतं. तासगावहून मुलाचे आजोबा, तोफखान्यातले निवृत्त सुभेदार कोंडीबा, घर बघायला येणार होते. त्यांचा शब्द शेवटचा.

तिला धास्ती त्यांची नव्हती, वडिलांची, वीरधवलरावांची होती.

त्यांनी सांगलीच्या जुन्या बाजारातून एक रंगीत शिळाछाप चित्र आणलं होतं. इंग्रजी अमदानीतलं. डोंगरावर किल्ला, अलीकडं मातीचा मोर्चा, माती भरलेल्या टोपल्यांची आडोशाची रांग, तोफा, लाल कोटातले शिपाई. छापताना लाल रंग सरकल्यामुळं एका मिशीवाल्याचा कोट शेजारच्या तोफेवरही चढला होता.

"किल्ला कुठला, दादा?" फ्रेमवाल्या पीरमहंमदनं विचारलं.

"खालची इंग्रजी ओळ फ्रेमखाली दाबा. किल्ला कुठला ते आमी बघतो."

कोरेगावच्या घरी बैठकीच्या खोलीत चित्र लागलं. संयोगिता सकाळपासून आत-बाहेर करत होती. "पप्पा, पाहुण्यांना पोहे द्या. इतिहास नको."

कोंडीबा नीट टेकायच्या आत इतिहास सुरू झाला. "हे मिशीवाले आमचे खापरपणजोबा. किल्ला शेवटपर्यंत लढवला."

कोंडीबा उठले. चष्मा लावून चित्रापाशी गेले.

"पावनं, तोफांची तोंडं कुनीकडं हायत?"

"किल्ल्याकडं."

"मग ह्यो गडी किल्ला लढवतोय का फोडतोय?"

पोह्यांची बशी संयोगिताच्या हातातच राहिली. वीरधवलरावांनी चित्राकडं असं पाहिलं, जणू तोफा अजून फिरवता येतील.

"आमचे आत आहेत," ते म्हणाले. "इथून दिसत नाहीत."

"आन् ह्यो?"

"तुमच्याकडचा असेल कुणीतरी."

संयोगितानं डोळे मिटले. याहून कमी बोलण्यावर मोडलेली लग्नं तिच्या भावकीत होती.

कोंडीबांनी तोंड पार काचेला टेकवलं.

"असंल की. नाक आमच्यातलंच हाय." मग वळून म्हणाले, "किल्ला पडला का वो?"

"पडला असावा," वीरधवलराव कसंबसं म्हणाले.

"म्हंजे आमीच घेतला! मग आता पोरगीबी द्या."

वीरधवलरावांनी तोंड उघडलं. किल्ला परत घ्यायचा बेत चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. संयोगितानं बशी ठेवली, पाहुण्यांसाठी आणलेल्या पेढ्यांतला एक त्या उघड्या तोंडात कोंबला आणि आजोबांच्या पाया पडली.