भुवयांचा चिमटा

"टाक्यांत पाळलेल्या माशांना औषधं चारतात. समुद्रातला मासा कसा अस्सल, काळजाला बळ देणारा." सासऱ्यांचं हे पुराण सून रोज दोन्ही वेळा ऐकायची. मासा साफ करणं मात्र तिच्याच गळ्यात पडलं होतं. पोट चिरलं की आत वेटोळं घालून बसलेले पांढरे किडे दिसत आणि बोट लागलं की सावकाश उलगडत. शिसारी यायची. भुवया कोरायचा आपला चिमटा तिनं या कामाला लावला होता. एकेक किडा उपटायचा आणि मासा खरपूस तळून वाढायचा. चुकून एखादा राहिलाच, तर तळणात मरतो, म्हणून तिनं सासऱ्यांना किड्यांचं कधी सांगितलं नव्हतं.

आज सासरे पानावर बसता बसता म्हणाले, "सूनबाई, शिजवलं की सगळं सत्त्व जातं. आजपासून मला कच्चाच वाढ."

"बरं, बाबा."

तिनं किडे न काढताच कच्चा तुकडा त्यांच्या ताटात ठेवला, लिंबाची फोड ठेवली आणि चमच्याच्या जागी तो चिमटा.

"हा कशाला?"

"सत्त्व चालायला लागलं, की धरायला."