थंड डोक्याने घेतलेला सूड

मी एक जुनी हातशेगडी आहे, मित्रांनो, आणि मला सगळं आठवतं. हे दुसरं आधीच सांगून ठेवते, कारण एखादी जुनी वस्तू आपली कहाणी सांगायला बसली की ऐकणाऱ्यांना वाटतं, आता ही सगळ्यांना क्षमा करणार. मी त्यातली नाही.

तळहातात मावेल एवढी चपटी डबी, गोल कोपरे, वर निकेलचा मुलामा, ही मी. पोटात कापूस भरलेला असतो. त्या कापसावर लायटरमध्ये घालतात ते पातळ पेट्रोल ओतायचं. मानेवर एक छोटी जाळी बसते, ते माझं डोकं. त्यात प्लॅटिनमचा मुलामा दिलेले तंतू असतात. त्या डोक्याला काही क्षण काडी दाखवली की पेट्रोलची वाफ तिथे ज्योतीवाचून जळत राहते, आणि मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ऊब देते. जाळ नाही, धूर नाही, आवाज नाही. आतल्या आत धुमसत राहणं मला कोणी शिकवलं नाही. कारखान्यातूनच मी तशी बाहेर पडले.

मला निवडलं ते थोरलीने. ही एका गवळ्याच्या घरातली थोरली सून. नवरा मालट्रकवर, म्हणजे घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. घरात म्हातारे सासरे, धाकटा दीर, त्याची बायको, आणि गोठ्यात एक तपकिरी गाय. त्या गायीला घरातले सगळे ‘बाईसाहेब’ म्हणत, आणि तिला ते मान्य होतं. बाईसाहेबांना गार हात खपत नसे. थंडीच्या दिवसांत गार बोट सडाला लागलं की त्या पान्हा चोरत, म्हणजे दूध वर ओढून घेत, आणि पोच म्हणून एक लाथ देत. धार काढायचं यंत्रही एकदा आणून पाहिलं. त्यालाही पोच मिळाली.

म्हणून थोरली खिळे-कुलपांच्या दुकानात आली. दुकानदाराने तिच्यासमोर तीन वस्तू मांडल्या.

“ही पुडी. फोडायची, हलवायची, हात शेकायचे, फेकून द्यायची.”

“रोज एक फेकायची? वसंत येईपर्यंत दारात उकिरडा होईल.”

“मग ही बॅटरीची. रात्री चार्जिंगला लावायची.”

“आमच्याकडे रात्री विजेलाच झोप लागते हो.”

“मग राहिली ही,” असं म्हणून त्याने मला पुढे सरकवलं. “जन्मभर टिकेल. पण हिचे नखरे फार. उघड्यावर भरायची, या छोट्या मापाने, रेघेपर्यंतच. सांडलं तर पुसायचं, सुकू द्यायचं, मगच काडी. गवताच्या आसपास तर काडी ओढायचीच नाही. कापडी पिशवीत ठेवायची, उघड्या कातडीला लावून बसायचं नाही, उशाला घेऊन झोपायचं नाही. भलतं तेल घालायचं नाही. आणि कोंडायची नाही. हिला हवा लागते.”

“एक बाईसाहेब घरी आहेतच,” थोरली म्हणाली. “दुसऱ्या द्या बांधून.”

मित्रांनो, मग माझे खरे वैभवाचे दिवस आले. पहाट फटफटली की थोरली मला अंगणातल्या नळाच्या कट्ट्यावर घेऊन बसायची, गवताच्या गंजीपासून लांब. मापाने भरायची, पुसायची, काडी दाखवायची, वर टोपण, मग फ्लॅनेलची पिशवी. साबणाने हात धुऊन ती मला दोन तळव्यांत धरायची आणि बोटांना रंग आला की गोठ्यात जायची. कासंडीत पहिली धार पडल्याचा तो टणत्कार माझा होता, असं मी मानत असे. सासरे खिडकीतून म्हणायचे, “या पोरीच्या हाताला गुण आहे.” थोरली म्हणायची, “हाताला नाही बाबा, हातशेगडीला.” एवढं श्रेय मला नंतर कोणी दिलं नाही.

आता शत्रूकडे वळते. इतका वेळ थांबले हेच खूप झालं.

थोरलीचा धाकटा दीर, म्हणजे तिचे भावोजी. भावोजींना सगळं ठाऊक असे. कोणी काही सांगितलं तर ऐकून घेणं हे अडाण्यांचं काम, अशी त्यांची ठाम समजूत होती. एकदा थोरली तापाने पडली होती. भावोजींना मैदानावर सामना पाहायला जायचं होतं. त्यांनी मला फळीवरून उचललं. माझ्या इंधनाची बाटली रिकामी होती, तर स्टोव्हचं रॉकेल भरलं. त्यांची बायको, म्हणजे धाकटी, म्हणाली, “अहो, ते हिचं तेल नाही.”

“तेल ते तेल,” भावोजी म्हणाले. “तिला काय चव कळते?”

कळते. माझं डोकं काजळीने भरलं, तंतू बरबटले, आणि मैदानाच्या फाटकापर्यंतसुद्धा मी तापले नाही. भावोजींनी मला परत फळीवर टाकलं आणि थोरली उठल्यावर म्हणाले, “त्या डबीत दमच नव्हता, वहिनी. मी तेव्हाच म्हणालो होतो.”

तेव्हा ते काहीच म्हणाले नव्हते. मी ऐकत होते.

नवं डोकं दुकानातून यायला बरेच दिवस लागले. तोवर थोरली गार हातांनी गोठ्यात गेली आणि बाईसाहेबांनी आपला नियम पाळला. थोरलीचं मनगट जांभळं झालं, मग हिरवं, मग पिवळं. फळीवर पडल्या पडल्या मी ते सगळे रंग पाहिले. लाथ मारणारीवर माझा राग नव्हता. तिला गार हात आवडत नाहीत, हे ती कधी लपवत नव्हती. माझा राग ‘तेल ते तेल’वर होता. त्या फळीवर मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही. आता फळीवरची डबी कोणाला काय सोडणार नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटत होतं. माझ्याकडे शस्त्रं दोनच, तापणं आणि न तापणं. मी वाट पाहू लागले.

मग घरात वाटण्या निघाल्या. भावोजींनी गल्लीच्या टोकाला वेगळं घर बांधायला घेतलं होतं. खाटा वाटल्या, भांडी वाटली, शिडी इकडे आणि दोर तिकडे गेला. बाईसाहेब उरल्या. भावोजी म्हणाले, गाय मला पाहिजे. दूध काढायला नव्हे. गुरांच्या व्यापाऱ्याकडे एक जुनी ट्रॉली होती, ती तो गायीच्या बदल्यात द्यायला तयार होता.

“तिला एक चाक नाही,” धाकटीने आठवण करून दिली.

“गायीला तर एकही नाही,” भावोजी म्हणाले.

त्या दिवशी थोरली गोठ्यात नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. बाईसाहेब व्यापाऱ्याकडे गेल्या की परत दिसणार नाहीत, हे तिला माहीत होतं. वासरू असल्यापासून तिनेच त्यांना बोटाने दूध पाजून वाढवलं होतं.

शेवटी सासऱ्यांनी निवाडा दिला. “वाद नको. उद्या सकाळी दोघं गोठ्यात या. जिच्या-ज्याच्या हाताला ती पान्हा सोडेल, गाय त्याची. तिला तोंड नाही, पण पाय आहेत. ती सांगेल.”

सकाळी हौदावर बर्फाची साय धरली होती. थोरली चूल पेटवत होती तेवढ्यात भावोजींनी मला पिशवीसकट उचललं आणि अवजारांच्या खोलीत नेलं. बेत सोपा होता. आपले हात गरम, वहिनीचे गार. मग गाय काय आणि ट्रॉली काय.

माझ्या इंधनाची बाटली या वेळी त्यांनी बरोबर उचलली. मात्र माप उचललं नाही. माप हे अडाण्यांसाठी. त्यांनी बाटली थेट माझ्या तोंडाला लावली, आणि पेट्रोल रेघ ओलांडून, मान ओलांडून त्यांच्या बोटांवर, बाहीवर, मनगटावर वाहिलं. हात त्यांनी विजारीला पुसले. मला पुसलं नाही, सुकू दिलं नाही, लगेच काडी ओढली. माझ्या ओल्या अंगावर भपकन जाळ उठला आणि क्षणात खाली बसला. जाताना त्याने मिशीचं डावं टोक नेलं. हे मी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण मला दुःखही झालं नाही.

जाळ गेला आणि मी थोडीशी तापू लागले. भावोजींनी हात हुंगला. पेट्रोलचा वास खोलीभर झाला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. वासाने वहिनीला कळेल म्हणून त्यांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली, वरून आणखी एक गाठ मारली आणि कोटाच्या आतल्या खिशात कोंबलं.

मित्रांनो, मला हवा लागते. दुकानदाराने सांगितलं होतं. इतकी वर्षं मी सुडाचे बेत करत होते, आणि शत्रूने स्वतःच्या हाताने दोन गाठी मारून माझं काम करून टाकलं. मी विझले. इतक्या समाधानाने मी आधी कधी विझले नव्हते.

गोठ्याच्या दारात सासरे घोंगडी पांघरून खुर्चीवर बसले होते. भावोजी म्हणाले, “आधी मी.” खिशात हात घातला, तर आत मी. गार. त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते खिशातून दिसत नव्हतं, एवढी एक खंत आहे.

पण माघार घेतील तर ते भावोजी कसले. ते बसले. बाईसाहेबांनी मान वळवून आधी त्यांचा हात हुंगला, मग बाही हुंगली, मग सावकाश वैरणीकडे तोंड फिरवलं. भावोजींना वाटलं, परवानगी मिळाली. बोट सडाला लागलं मात्र, कासंडी दारात सासऱ्यांच्या पायाशी येऊन पडली आणि भावोजी शेणाच्या पाटीत बसले.

“एक मत पडलं,” सासरे म्हणाले.

मी खिशात खुशीत होते. मग थोरलीचा आवाज ऐकला. “माझी हातशेगडी फळीवर नाही. कोणी पाहिली का?”

आणि मला एकदम लख्ख कळलं की आता तिचेही हात गार आहेत.

थोरलीला शोधावं लागलं नाही. ती वासाच्या मागे आली, भावोजींना हात देऊन उठवलं, त्यांच्या कोटात हात घातला आणि मला बाहेर काढून दोन्ही गाठी सोडल्या.

“भावोजी, हिला श्वास घ्यावा लागतो,” ती म्हणाली. “आणि तुमच्या मिशीला काय झालं?”

“हे नियमात नाही,” भावोजी म्हणाले. “हात शेकायचे नाहीत. आपापल्या हाताने काढायचं ठरलंय.”

“तू मग तिला खिशात घालून काय करत होतास, अंडी उबवत होतास?” सासऱ्यांनी विचारलं.

थोरलीने मला नळावर नेलं, पुसलं, वाऱ्यावर धरलं, काडी दाखवली. मला तापायचं होतं. आयुष्यात कधी नव्हे इतकं तापायचं होतं. पण पोट तुडुंब, डोकं ओलं, माझ्याने होईना. दुसरी काडी. तिसरी. शत्रूसाठी विझले होते, आणि आता मैत्रिणीसाठी पेटता येत नव्हतं.

तिने मला गोठ्याच्या खिडकीत ठेवलं आणि हात साबणाने खसाखसा धुतले. ते आणखी गार झाले. मग गोठ्यात जाऊन ती बसलीच नाही. ती उभी राहिली, कपाळ बाईसाहेबांच्या कुशीला टेकवलं आणि दोन्ही हात त्यांच्या पुढच्या पायामागे, काखेत सारले. बाईसाहेबांच्या अंगावर मोठा शहारा आला. एक पाय उचलला गेला. थोरली काहीतरी पुटपुटत होती, लहान मुलाला उठवताना बोलतात तसं, अर्थ नसलेलं. पाय हवेत तसाच राहिला. मग खाली आला. गुमान, जिथून उचलला होता तिथे.

थोड्या वेळाने कासंडीत टणत्कार झाला. या वेळी त्यात माझं काही नव्हतं.

“अगं, गायीच्याच अंगावर हात शेकता येतात,” सासरे म्हणाले, “तर इतकी वर्षं ती डबी कशाला बाळगलीस?”

“रोज सकाळी तिच्या अंगाला गार हात कोण लावणार, बाबा?” थोरली धार न थांबवता म्हणाली. “थंडी तिलाही वाजते. एखाद दिवशी घेते चालवून.”

मी खिडकीत होते. ते मी ऐकलं. त्यानंतर माझ्यात ओलावा किती पेट्रोलचा होता ते मी सांगणार नाही.

बाईसाहेब घरीच राहिल्या. ट्रॉली कोणीतरी नेली म्हणतात. तिचं दुसरं चाकही गेलं, असंही म्हणतात. भावोजींना धाकटीने पेट्रोलचा वास जाईपर्यंत ओसरीत जेवायला वाढलं. पण माझा खरा सूड सासऱ्यांनी घेतला. नवं घर पुरं होईपर्यंत भावोजींना काम लावून दिलं: रोज पहाटे मला अंगणात न्यायचं, मापाने भरायचं, पुसायचं, सुकू द्यायचं, काडी दाखवायची, आणि मी तापायला लागले की वहिनीच्या हातात द्यायचं. तापायला मला थोडा वेळ लागतो. त्या वेळात भावोजींची बोटं निळी पडत. आणि मी, मित्रांनो, लागतो त्यापेक्षा जास्त वेळ घेत असे.

आता मी म्हातारी झाले आहे. मुलामा उडाला, टोपण सैल झालं, डोकं कितीदा तरी बदललं. म्हणून जाता जाता एवढंच सांगते. तुमच्या घरातल्या वस्तू पुसून ठेवा, ज्याचं तेल त्याला घाला, आणि सांगितलेलं ऐका. आम्हाला हलता येत नाही, बोलता येत नाही, चहाड्या करता येत नाहीत. आम्ही फळीवर पडून असतो आणि आम्हाला दुसरं काही काम नसतं. कोण कसं वागलं, हे आठवत बसायला आम्हाला सगळा दिवस मोकळा असतो.