‘आणि मग’ कोण म्हणालं

विश्वाला सुरुवात होती की नव्हती, हा माणसाला पडलेला सर्वांत गहन प्रश्न आहे. तारांगणात तो रोज सकाळी साडेअकराला सुटत असे. सोमवारी साप्ताहिक सुट्टी.

सोडवणारे गृहस्थ म्हणजे तिथले निवेदक. त्यांचा आवाज असा, की ‘पिण्याचं पाणी डाव्या हाताला आहे’ एवढं जरी ते माइकवरून म्हणाले, तरी ऐकणाऱ्याला आपल्या हातून काहीतरी पाप घडल्यासारखं वाटे. सहकारी पाठीमागे त्यांना ‘आकाशवाणी’ म्हणत. निवेदकांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चारचौघांत ते तसं दाखवत नसत, इतकंच.

कार्यक्रमाची रीत ठरलेली होती. गोल घुमटाखालचे दिवे विझत. निवेदक खर्जात म्हणत, “सुरुवातीला काहीच नव्हतं. काळोखही नव्हता.” जरा थांबत. मग म्हणत, “आणि मग...” त्यासरशी घुमटभर प्रकाशाचा लोळ उठे आणि पुढच्या रांगेतलं एखादं मूल रडायला लागे. तो लोळ काढणारा तंत्रज्ञ मागच्या कोपऱ्यात बटणावर बोट ठेवून बसलेला असे. त्याला सगळे ‘दिवाबत्ती’ म्हणत.

एकदा शिंकेच्या धक्क्याने दिवाबत्तीच्या हातून बटण आधीच दाबलं गेलं. विश्व निवेदकांना न विचारता सुरू झालं. कार्यक्रम संपल्यावर निवेदकांनी सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली. “‘आणि मग’ हे शब्द कानावर पडल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. छत कोसळलं तरी नाही.” दिवाबत्तीही तसा मानी. त्याने ते मनाला लावून घेतलं आणि त्या दिवसापासून तंतोतंत पाळलं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर संचालकबाईंनी एक तयार कार्यक्रम मागवला. त्याला एका नटाचा आवाज होता. यंत्राला जोडला की तो आपला आपण चालतो, नटाला घसा धरत नाही, नट रजाही मागत नाही. रविवारी समितीची मंडळी येऊन निवेदकांचा कार्यक्रम बघणार होती आणि कोणाचा आवाज ठेवायचा ते त्यानंतर ठरणार होतं. निवेदकांना तिकीट खिडकीवर छान सामावून घेता येईल, असं संचालकबाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या होत्या. आकाशवाणीने ‘सुट्टे द्या’ म्हणायचं, ही कल्पनाच निवेदकांना सहन होईना.

शनिवारी जेवताना त्यांच्या मुलीने त्यात भर घातली. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होती, म्हणजे घरात वाद घालायचा परवाना तिला मिळालेला होता.

“बाबा, तुझं पहिलंच वाक्य कच्चं आहे. सुरुवातीला काहीच नव्हतं, हे कोणी पाहिलंय?”

“कोणीच नाही. काहीच नव्हतं म्हटल्यावर पाहणारा कुठून येणार?”

“तसं नाही रे. काळच जर तिथून सुरू झाला असेल, तर तू ‘आणि मग’ कसं म्हणशील? ‘मग’ म्हणायला अगोदर काहीतरी ‘आधी’ लागतं. आणि कदाचित सुरुवातच नसेल. मागे जावं तितकं जातच असेल.”

“सुरुवातच नसेल तर मी कार्यक्रम कुठून सुरू करू?”

“माहीत नाही म्हणून सांग. आमचे सरसुद्धा म्हणतात, कोणालाच नक्की माहीत नाही.”

“तुझ्या सरांना म्हणावं, तुमची विद्यार्थिनी जन्मायच्या आधीपासून मी विश्वाची सुरुवात करतोय.”

निवेदकांची मोठी बहीण रविवारचा कार्यक्रम बघायला मुद्दाम येऊन राहिली होती. ती आमटी वाढून घेत म्हणाली, “लहानपणापासून हा असाच. कपबशी फुटली, की म्हणायचा, सुरुवात ताईने केली. आमच्या घरात पहिलं कारण नेहमी मीच असायचे.”

“ताई, तू जेव.”

“जेवतेच आहे. त्यालाही सुरुवात मीच केली.”

ते ‘मग’ मात्र रात्रभर निवेदकांची पाठ सोडीना. पोरगी बोलली ते खरं होतं, हे जितकं झोंबत होतं, तितकाच ती बोलली कशी याचा अभिमानही वाटत होता. सकाळपर्यंत त्यांनी सुरुवात बदलायचं ठरवलं. दिवाबत्तीला मात्र सांगितलं नाही. आधी सांगणं म्हणजे त्याची परवानगी घेतल्यासारखं झालं असतं.

रविवारी घुमट गच्च भरला. समिती पहिल्या रांगेत, ताई आणि मुलगी तिसऱ्या. दिवे विझले.

“विश्वाला सुरुवात होती का,” निवेदक म्हणाले, “मला माहीत नाही.”

हे शब्द त्या माइकमधून पहिल्यांदाच बाहेर पडत होते. निवेदक प्रकाशासाठी थांबले. प्रकाश आला नाही. मागच्या कोपऱ्यात दिवाबत्ती बटणावर बोट ठेवून, कान टवकारून, छत कोसळण्याच्या तयारीने बसला होता.

काय झालं ते निवेदकांच्या लक्षात आलं. आता नुसतं ‘आणि मग’ म्हणायचं होतं. पण लेक तिसऱ्या रांगेत बसली होती. त्यांनी ते शब्द उच्चारले नाहीत.

त्याऐवजी ते बोलत राहिले. “तुम्ही आज इथे आलात, कारण कोणीतरी तुम्हाला चला म्हणालं. त्याला आणखी कोणीतरी सांगितलं असेल. असेच मागे मागे जा. कुठेतरी एक जण असेल, ज्याला कोणीच काही सांगितलेलं नाही. किंवा तसा कोणी नसेलही, नुसती रांगच असेल, टोक नसलेली. यातलं काहीही खरं धरलं तरी डोकं गरगरतं. गंमत अशी, की ते गरगरणारं डोकंही त्याच विश्वाचा तुकडा आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात त्याने स्वतःबद्दल विचारायला आपल्याला नेमलंय. उत्तर येत नसेना का, नेमणूक काही लहान नाही.”

बोलता बोलता खर्ज कधी गळून पडला, त्यांना कळलंच नाही. घरी लेकीशी बोलतात त्याच आवाजात ते बोलत होते. काळोखात कोणी खोकत नव्हतं. वेफर्सची एक पिशवी चुरचुरायची थांबली, ती थांबलीच.

मग त्यांचं बोलणं संपलं. ठार काळोख, ठार शांतता. निवेदकांना तिकीट खिडकीचा गज स्पष्ट दिसायला लागला.

तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला. जन्मल्यापासून ते ऐकत आले होते तो.

“अरे, आणि मग?”

शब्द कोणाच्या तोंडून यायला हवेत, हे हुकमात नव्हतं. दिवाबत्तीने बटण दाबलं. घुमटभर लोळ उठला आणि त्यात लोक उभे राहून टाळ्या वाजवताना दिसले.

कार्यक्रम संपल्यावर समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत होते. “काय तो काळोख. आणि त्यातून आलेला तो बाईचा आवाज. केवढी कल्पकता.”

“बरेच दिवस आमचं यावर काम चालू होतं,” संचालकबाई म्हणाल्या. मग त्यांनी तिथेच जाहीर केलं, की तारांगणाचा आवाज निवेदकांचाच राहील.

घरी जाताना मुलगी फोनवर एकेका मैत्रिणीला सांगत होती, “माझे बाबा,” आणि पुढचं सगळं. निवेदक चार पावलं मागे चालत होते, म्हणजे नीट ऐकू येईल.

“आज विश्व कोणी सुरू केलं रे?” ताईने विचारलं.

“तू, ताई.”

“कपबश्यांचं मी मान्य केलं नव्हतं कधी. हे करते.”

सोमवारी सुट्टी होती, तरी निवेदकांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि दोनदा उगाचच कोपऱ्यावर जाऊन आले.

मंगळवारी त्यांनी स्वतः होऊन दिवाबत्तीसाठी चहा नेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“घे. शेवटी त्या नटाला हरवलं आपण.”

“कुठला नट?”

“तो तयार कार्यक्रम आला होता ना, त्यातला.”

“तो होय,” दिवाबत्ती बशीत चहा ओतत म्हणाला. “त्याची पिन आपल्या यंत्रात बसत नव्हती. गुरुवारीच परत पाठवला.”