मौन उठवायचं राहून गेलं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं स्टुलावरून भांडलो. भांडण तसं नेहमीचंच. वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत होत्या, बाबा जमिनीवर बसून एका खुर्चीची जुनी वीण उसवत होते आणि मी म्हणत होते की वर बसा, गुडघ्यांचा जरा विचार करा.

"गुडघ्यांनी माझा कधी विचार केला?"

"म्हणून सूड उगवताय?"

"आण ते स्टूल. बसेन असं मात्र म्हटलेलं नाही."

मी स्टूल आणलं. त्यांनी त्यावर टोचा आणि कात्री ठेवली.

बाबा जन्मभर वेताच्या खुर्च्या विणत आले. साधनाघरातल्या सगळ्या खुर्च्या त्यांच्याच हातच्या. साधनाघर म्हणजे आमच्या पंथाची जागा. उंच खिडक्या, पांढऱ्या भिंती, आत मूर्ती नाही की चित्र नाही. सकाळी तिथे सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तो उभा राहून सांगतो. एवढाच आमचा धर्म. मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ ठिकाणी डोकावले, पण त्या गप्प बसण्यानं मला जितकं सावरलं तितकं दुसऱ्या कशानं नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून कुणाला वाटेल की मला ते घर पाडायचं होतं.

त्या दिवशी बाबांसमोर होती ती खुर्ची साधनाघराच्या कोपऱ्यातली. थोरले तिच्यावर बसून मौन पाळायचे, असं नवी मंडळी मानतात. थोरले म्हणजे आमच्या पंथाला शिस्त लावणारा माणूस, केव्हाच गेला. जाता-येता लोक त्या खुर्चीच्या पाठीला हात लावतात, कधी कुणी फूल ठेवतं. आता ती दुरुस्त करून समोर मांडायची असं ठरलं होतं.

थोरले त्या खुर्चीवर कधीच बसले नाहीत. तिच्यावर माझी आत्या बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

आमच्यात तेव्हा मौन द्यायची पद्धत होती. कुणी चुकलं, कुणी उलट बोललं, तर थोरले त्याला मौन देत. त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, घरच्यांनीसुद्धा. सभेत त्यानं सगळ्यांकडे पाठ करून बसायचं. ज्यानं मौन दिलं त्यानंच ते उठवायचं, दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही. आत्यानं भर सभेत उभं राहून सांगितलं होतं की मुलींना पाठ शिकवायच्या मागच्या खोलीत थोरले काय करतात. आपल्यावर काय गुदरलं तेही सांगितलं. थोरल्यांनी शांतपणे तिला मौन दिलं. शब्द मागे घेशील तेव्हा उठेल, म्हणाले.

तिनं शब्द मागे घेतले नाहीत. माझी आई मी रांगत असतानाच गेलेली, मला आत्यानंच वाढवलं. ती माझे केस विंचरायची, बाबा तिच्यापुढे ताट ठेवायचे, आणि घरात भांड्यांचा तेवढा आवाज. एका हिवाळ्यात ती पिशवी भरून निघून गेली. दूरच्या शहरात शिवणाचं दुकान टाकलं. पुढे थोरले वारले. पंथानं हळूहळू मौन देणं सोडलं, मग विसरलं. पण आत्याचं मौन उठवायचं राहून गेलं. ते उठवू शकणारा माणूसच उरला नव्हता, आणि माझे बाबा नियमाचे पक्के. बहिणीशी ते पुन्हा कधीच बोलले नाहीत. एखादा माणूस रागानं बोलत नसेल तर त्याला समजावता येतं. बाबांना राग नव्हता.

"तुझी आत्या फोन करते?" त्या दिवशी त्यांनी अचानक विचारलं. हे त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

"करते."

"काय म्हणते?"

"तुमचे गुडघे कसे आहेत विचारते."

"सांग, अजून वाकतात."

"तुम्हीच सांगा की. लावून देऊ फोन?"

त्यांनी उसवलेला वेत गोळा करून कोपऱ्यात ठेवला, मोकळ्या सांगाड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही माझ्याच्यानं विणवायची नाही. पट्ट्या काढून ठेव बादलीतून, फुकट कुजतील."

"हात दुखतोय का?"

"हाताचं काही नाही."

दुसऱ्या दिवशी चहा गार झाला तरी बाबा उठले नाहीत. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, आणि मग डॉक्टरांना फोन केला, आणि मग आत्याला.

आत्या संध्याकाळच्या गाडीनं आली. पिशवीही खाली न ठेवता आधी बाबांजवळ जाऊन बसली. बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आता तरी बोल, गधड्या," ती म्हणाली.

अंत्यविधी झाला. दोन दिवसांनी साधनाघराच्या प्रमुख भेटायला आल्या. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. प्रेमळ आहेत. बाबांच्या आठवणी काढताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले. आत्या खिडकीशी माझ्या कुडत्याची उसवलेली बाही शिवत बसली होती.

"निरोपाच्या सभेत घरच्या कुणीतरी बोलायचं असतं," बाई मला म्हणाल्या. "तू बोल. बाबांचा फोटो आपण थोरल्यांच्या खुर्चीवर ठेवू. एवढा मान दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. झाली का विणून?"

"नाही. आणि ती थोरल्यांची नाही, बाई."

बाई खिडकीकडे न बघता अगदी हळू म्हणाल्या, "त्या सभेला येणार आहेत का, विचार त्यांना."

"भिंतीला कान असतात म्हणतात," आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली. "मला तर तोंडही आहे. मलाच विचार."

बाईंचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं की त्या आत्याशी बोलत नाहीयेत. नियम कागदावरून गेला होता, जिभेवरून गेला नव्हता.

मी म्हणाले, "मी सभेत आत्याचं सांगणार आहे. त्या खोलीचं आणि थोरल्यांचंही."

"अगं, तुझ्या बाबांचा निरोप आहे तो! त्या दिवशी?" बाई माझ्याकडे वळल्या. "त्यांच्याबद्दल काय म्हणतील लोक? सख्ख्या बहिणीला वाळीत टाकलं म्हणतील. आणि आपली नवी मुलं किती श्रद्धेनं येतात. गेलेल्या माणसांची धुणी आता कशाला धुवायची?"

"मी नाही गेले अजून," आत्या म्हणाली. "गाडी परवाची आहे."

मला हसू आलं आणि रडूही. बाईंना दोन्ही आलं नाही. त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. साधनाघरात बसतो तसंच ते बसणं होतं, त्यामुळे आम्हीही मध्ये बोललो नाही.

"मी तेव्हा मागच्या रांगेत असायचे," शेवटी त्या म्हणाल्या, आणि या वेळी मान वळवून आत्याकडे पाहिलं. "तुमची वेणी आठवते मला. लांब होती. तोंड आठवत नाही. अख्खा हिवाळा मी तुमची वेणी बघितली."

आत्याची सुई थांबली. माझ्याखेरीज साधनाघरातल्या कुणी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य, एवढ्या वर्षांनी.

"कापली नंतर," आत्या म्हणाली. "फार निगा लागायची."

दारात चपला घालताना बाई मला म्हणाल्या, "मी तुला अडवणार नाही. पण मला ते ऐकवेल की नाही, ते आज सांगता येत नाही." मला ते प्रामाणिक वाटलं.

त्या गेल्यावर मी आत्याला विचारलं, त्या सांगाड्याचं काय करायचं? जाळून टाकू?

"खुर्चीचा काय दोष? तेवढ्या दिवसांत पाठ टेकायला मला तीच होती. चांगली केली होती तुझ्या बाबानं, एक खुंटी हलली नाही." मग ती म्हणाली, "तू माझ्यासाठी उभी राहणार असशील तर राहू नकोस. मी माझं तेव्हाच बोलून मोकळी झाले. दुकान आहे, झोप लागते. तुझं काय ते बघ."

तिनं दोरा दातानं तोडला आणि कुडता माझ्या हातात दिला. माझं काही आहे, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

आत्या घर सोडून गेली त्याच्या पुढच्या वर्षी मीही त्या मागच्या खोलीत पाठ शिकायला जायला लागले. जास्त सांगण्यासारखं नाही. थोरल्यांचे हात थंड असायचे. मी खोकल्याचं निमित्त करून जाणं थांबवलं, आणि बाबा एकदाही म्हणाले नाहीत की जा. मला ते तेव्हा नशीब वाटलं. मोठी झाल्यावर एक प्रश्न पडायला लागला, आणि तो विचारायचं धाडस शेवटपर्यंत झालं नाही. बाबांना कळलं होतं का? कळलं म्हणून त्यांनी मला घरी ठेवलं, आणि तरीही बहिणीशी बोलले नाहीत? ती खुर्ची उसवताना त्यांना तेच सांगायचं होतं का? आता ते मला कळणार नाही. त्यांच्यावर माझं प्रेम आहे, आणि हा प्रश्नही आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

निरोपाच्या सभेला साधनाघर भरलं होतं. समोर बाबांचा फोटो साध्या टेबलावर होता. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आत्या माझ्या शेजारी, भिंतीकडे नाही, लोकांकडे तोंड करून. काही म्हातारी माणसं तिला ओळखून खाली बघायला लागली. थोड्या वेळानं मी उभी राहिले.

बाबांच्या हाताबद्दल बोलले. वेत कधी ओला ठेवायचा आणि कधी सुकवायचा हे ते नुसत्या बोटांनी ओळखायचे, आणि तुम्ही सगळे आत्ता त्या हातांवरच बसला आहात, असं म्हणाले. लोक थोडे हसले. मग मी कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं आणि तिथे कोणती खुर्ची होती, तिच्यावर कोण बसलं होतं आणि का, ते सांगितलं. थोरल्यांचं नाव घेतलं. बाबांनी नियम पाळला आणि त्यात बहीण गमावली, हेही सांगितलं.

मागच्या बाजूला कुणीतरी उठून बाहेर गेलं. दुसरं कुणी मोठ्यानं म्हणालं, "पुरावा काय? तिच्या शब्दाखेरीज आहे काय?"

बाई उठल्या. मला वाटलं, त्याही निघाल्या. पण त्या मागे वळून म्हणाल्या, "बसा. तिचं बोलणं संपलेलं नाही." आणि पुन्हा खाली बसल्या.

खरं तर माझं बोलणं संपलं होतं. कागदावर मी तेवढंच लिहून आणलं होतं. सभा गप्प होती, आणि आमच्यात गप्प सभेला घाई करत नाहीत. मी आत्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली.

"तिच्या शब्दाखेरीज माझाही शब्द आहे," मी म्हणाले. "त्यानं मलाही हात लावला होता. त्याच खोलीत, मी शाळेत होते तेव्हा. मी माझ्या बाबांनासुद्धा सांगितलं नाही. सांगणारीचं आपण काय करतो, ते मी घरात बघितलं होतं."