टापूंचं टाइमटेबल

कौमुदीबाईंनी आयुष्यात नवऱ्याकडे फार काही मागितलं नव्हतं, निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं मत होतं. या उन्हाळ्यात मात्र त्यांना एक गोष्ट हवी म्हणजे हवीच होती. गंगरेलच्या धरणात मोटरबोटीनं टापू-टापू हिंडायचं आणि एखाद्या टापूवर उतरून रोडगे अन् वांग्याची भाजी खायची. पावसाळा लागला की त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं. त्यानंतर त्यांना बोटीत चढू कोण देणार? यंदा नाही तर कधीच नाही.

अनंतराव लगेच हो म्हणाले आणि तिथंच सगळा घोळ सुरू झाला. कारण हा माणूस रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून रिटायर झालेला. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या घराच्या बैठकीत त्यांनी धरणाचा नकाशा लावला आणि एकेका टापूला स्टेशन करून टाकलं. हा हॉल्ट, ते क्रॉसिंग. समोरून दुसरी बोट आली तर आधी कोणी थांबायचं, हे त्यांनी नावाड्याला फोन करकरून विचारलं. तो बिचारा प्रत्येक वाक्याला ‘हव साहब’ म्हणायचा. मग मागून एक रिकामी रिलीफ बोट पाहिजे असं निघालं. मग ट्रायल. माणसं बसायच्या आधी तेवढ्याच वजनाची रेतीची पोती ठेवून बोट फिरवायची, पुलाची टेस्टिंग अशीच होते म्हणे. त्यासाठी त्यांनी बायकोला वजन विचारलं. ते तर बाईंनी माहेरीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी भाजीत मीठ पडलं नाही.

मुलगा निरंजन नवा रायपूरच्या मंत्रालयात नोकरीला. एका रविवारी त्यालाच ट्रायलसाठी पिटाळलं. परत येऊन तो नेहमीसारखा हिंदीतच बोलला, बोट एकदम बढिया चालली म्हणाला. वर हेही सांगून बसला की मम्मीच्या नावाची दोन पोती लागली, पप्पांचं एकच. अनंतरावांनी घाईघाईनं पेपर तोंडापुढे धरला.

असं करता करता मे महिना उजाडला आणि एका दुपारी नावाड्याचा फोन आला. पाणी कालव्यात सोडलंय, काठाजवळचे टापू जमिनीला लागलेत, तिथं गायी चरून राहिल्यात. बोटीनं जाण्यासारखा मधला एकच उरलाय, यायचं तर लवकर या.

अनंतरावांनी प्रोग्राम कॅन्सल असं जाहीर केलं आणि ते जेवायला बसले. आमरसाची दुसरी वाटी मागितली, मग तिसरी. इतके महिने खपून केलेला प्लॅन बुडाला अन् हा माणूस वाटी चाटून राहिला? बाईंचा हात पळीवरच थांबला. त्यांना आठवलं, राजिमच्या नदीसंगमावर सगळे डुबकी मारायचे आणि हे काठावर बसून लोट्यानं आंघोळ करायचे. अगं बाई, इतकी वर्षं आपण समजत होतो की यांना थंडी वाजते.

“तुमाले पान्याचं भेव वाटते ना?” त्यांनी विचारलं.

अनंतरावांनी वाटी खाली ठेवली. “मले पोहता येत नाही.”

“मले तरी कुठं येते? मंग हो काहून म्हणाले?”

“तू कधी काही मांगत नाहीस. नाही कसं म्हणू?”

बाईंना राग आला आणि रडूही आलं. पण गुडघ्यांचं ऑपरेशन काही थांबणार नव्हतं. उद्याच निघायचं, असं त्यांनी सांगून टाकलं.

निरंजनही रजा टाकून सोबत आला. बोटीत अनंतराव एकावर एक दोन लाइफ जॅकेट घालून मधोमध खाली बसले. डोळे गच्च मिटलेले, मुठीत बायकोचा पदर. पाण्याकडे बघावं की नवऱ्याकडे, हे बाईंना कळेना, म्हणून त्यांनी दोन्हीकडे पोटभर बघून घेतलं. टापूवर उतरल्यावर मात्र अनंतरावांच्या जिवात जीव आला. गोवऱ्या त्यांनीच पेटवल्या आणि रोडगेही सगळ्यांपेक्षा जास्त त्यांनीच हाणले.

ऊन कललं. नावाड्यानं मोटर सुरू केली, निरंजननं हाका मारल्या, पण अनंतराव काही जागचे उठेनात.

“पानी उतरूनच राहिलं ना?” ते हळूच म्हणाले. “उतरू दे. हा टापूबी काठाले लागला का पायीच जाऊ.”

हा टापू कधीच काठाला लागत नाही, असं नावाड्यानं सांगितलं. ते ऐकूनही अनंतराव हलले नाहीत. कौमुदीबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्यांनी मोटर बंद करायला सांगितली, पातेल्यातली उरलेली भाजी काढली आणि नवऱ्याशेजारी पाय पसरून पुन्हा बसल्या.