पाचवी बकेट

लोडरची पाचवी बकेट डंपरमध्ये ओतून त्याने हॉर्न दिला, तोवर शेजारच्या ढिगाजवळचा डंपर भरून, धूळ उडवत निघूनही गेला होता. तिथे त्याची बायको लोडर चालवायची. दगडखाणीत दोघांचे ढीग हाकेच्या अंतरावर, मशीनंही सारखीच. पण तिचा डंपर चार बकेटमध्ये भरायचा. तिला हे काम त्यानेच शिकवलं होतं, म्हणून तर ते जास्त झोंबायचं.

डंपरवालेही मुद्दाम तिच्याच रांगेत लागायचे.

“मास्तर, राग मानू नका,” त्यांच्यातला एकजण म्हणाला. “वहिनींकडे पटकन सुटका होते. तुमच्याकडे आलं की एक झोप काढून होते.”

सगळे हसले. तोही हसला. घरी गेल्यावर मात्र भाजीत मीठ जास्त झालंय म्हणत त्याने ताट बाजूला सारलं. आठ दिवस हेच चाललं होतं.

आज सकाळपासून मात्र तिलाही पाच लागत होत्या. आधी त्याला बरं वाटलं. मग त्याने नीट निरखून पाहिलं. ढिगातून वर येणारी तिची बकेट धड भरलेलीच नसायची.

जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये त्याने डबा उघडलाच नाही.

“हात दुखतोय का तुझा?”

“नाही.”

“मग बकेट अर्धी का भरतेस?”

तिने डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.

“तुमचं तोंड बघवत नव्हतं.”

तिच्या चार बकेटांनी केली नव्हती एवढी जखम या एका वाक्याने केली.

“मला कुणाची दया नको,” तो म्हणाला. “चारातच भर.”

“आणि घरी पुन्हा मीठ जास्त व्हायचं?”

त्याने न उघडलेला डबा पिशवीत टाकला.

जेवून सगळे आडवे झाले, तसा तो उठून तिच्या ढिगाकडे गेला. जमिनीवर तिच्या टायरांच्या खुणा होत्या. सरळ ढिगात शिरलेल्या, जेमतेम मागे आलेल्या आणि तिथूनच डंपरच्या जागेकडे वळलेल्या. एवढ्याशा जागेत सगळा खेळ. तो स्वतः किती लांब वळसा घालायचा आणि ढिगात तिरका शिरल्याने त्याची बकेट कशी अपुरी भरायची, हे त्याला आजच दिसलं.

त्याने आपला लोडर आणला. इंजिनाच्या आवाजाने इथे कुणाची झोप मोडत नसे. चाकं तिच्या खुणांवर ठेवून तो हळूच ढिगात शिरला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बकेट काठोकाठ भरून वर आली.

त्याने शेडकडे नजर टाकली. मघाशी त्याच्या बाजूला तोंड करून पडलेली ती आता भिंतीकडे वळली होती. अगदी गाढ झोपल्यासारखी. बुटाचं टोक तेवढं हलत होतं.

त्याने बकेट रिकामी केली आणि लोडर पुन्हा मागे घेतला.