पंचफुलाबाईचा शब्द

खोटं तुम्ही बोललात, साहेब. तोंड मात्र पंचफुलाबाईचं वापरलंत.

तुम्हाला ती आठवणार नाही. शाळेच्या व्हरांड्यात शिक्षण खात्याची तुमची बैठक चालू होती, तेव्हा चहाचे कप गोळा करून मागे भिंतीला टेकून उभी राहिलेली बाई. कुरुंद्याच्या अलीकडे दीडशे उंबऱ्यांचं आमचं गाव, सातवीपर्यंतची शाळा, आणि त्या शाळेत अठरा वर्षं खिचडी शिजवणारी पंचफुलाबाई. कुणाचं लेकरू दोन दिवस का आलं नाही, हे हेडमास्तरच्या आधी तिला कळतं.

पोळा होऊन गेला होता. "बारमाही शाळा," तुम्ही म्हणालात. उन्हाळ्याची एकच लांबलचक सुट्टी बंद. तीन-तीन आठवड्यांच्या चार सुट्ट्या, त्याही गावाच्या कामाप्रमाणे. लांब सुट्टीत लेकरं शिकलेलं विसरतात, असं तुमचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं. जूनमध्ये निम्म्या पोरांना हातच्याची वजाबाकी नव्याने शिकवावी लागते म्हणून आमचे हेडमास्तर रामप्रसाद गुरुजी दरवर्षी कपाळ बडवतात. मग तुम्ही खडू हातात घेतलात आणि विचारलंत, "बोला, सुट्ट्या कधी पाहिजेत?"

आम्हाला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सगळे एकदम सावरून बसले.

"शिमग्याच्या म्होरं-मागं एक द्या," उत्तमराव म्हणाले. त्यांची पाच एकर हळद. "हळद शिजाया घातली की पोरगं शाळेत बसतच न्हाई. उगं कशाला गैरहजर मांडता?"

"आन उन्हाळ्यात मेंढरावाल्याला द्या," मागून पंचफुलाबाई बोलली.

"पंचफुले, मेंढरांची बी शाळा भरवती का काय?"

"भरवली असती, उत्तमराव. तुमच्यापरीस गुमान बसतेत ती."

तुम्हीसुद्धा हसलात. आणि फळ्यावर लिहिलंत: मार्चमध्ये हळदीची सुट्टी. हनुमान जयंतीपासून दोन सुट्ट्या जोडून सहा आठवडे, मेंढपाळांसाठी. उरलेली दिवाळीला. फक्त सगळ्या पालकांच्या सह्या पाहिजेत, म्हणालात. तुमच्यासोबत आलेल्या माणसाने पंचफुलाबाईकडे बोट केलं. "या मावशी आणतील. यांचा शब्द गाव मोडत नाही."

बरोबर ओळखलं होतं त्याने.

सह्या झाल्या. भुजंगची राहिली. भुजंगची साठ मेंढरं, गावाबाहेर गायरानाला लागून मेंढपाळांच्या वस्तीवर घर. त्या वस्तीवरची कुठलीच पोरगी चौथीच्या पुढे गेलेली नव्हती. भुजंगची कोमल सातवीत होती. ती सातवीपर्यंत आली कशी, हे तुमच्या कुठल्या फॉर्ममध्ये विचारत नाहीत, म्हणून सांगतो. हनुमान जयंतीचा नारळ फुटला की वस्तीवरची बाकी मेंढरं रानोमाळ निघतात. मोकळ्या शेतात रात्रीची मेंढरं बसवायची, लेंडीखत पडतं, शेतकरी धान्य देतो. पाणी जवळ असलेली, सावलीची शेतं एप्रिलातच धरली जातात. भुजंग मात्र शाळा सुटेपर्यंत, एक मेपर्यंत थांबायचा. मग उरलीसुरली खडकाळ रानं त्याच्या वाट्याला. कोमलसाठी सहा वर्षं हे चाललं होतं.

पंचफुलाबाई कागद घेऊन गेली तेव्हा तो एका मेंढीचं खूर साफ करत बसला होता.

"अक्का, आता कशाचा कागूद आणलाव?"

"शाळेचा. आता तुला मे पत्तुर थांबायची गरज न्हाई. हनमान जयंतीपासून सहा हप्ते सुट्टी. सगळ्यांसंगं निघ. सुट्टी सरली की कोमलीला तेवढी माज्याकडं आणून सोड. दोन भाकरी जास्त टाकीन."

"लेखी हाय का हे?"

"सायबानं फळ्यावर लिवलंय. म्या डोळ्यानं पाह्यलंय."

भुजंग हसला. "अक्का, फळा पुसतेत."

"म्या हाय ना. म्या कुटं पुसून चालले?"

आत भाकरी थापणारी त्याची बायको सोजराबाई ओरडली, "द्या की अंगठा! अक्का काय गावाला फशिवणारी हाय व्हय?"

त्याने अंगठा दिला. त्याच आठवड्यात तो दोन शेतकऱ्यांना शब्द देऊन आला, की हनुमान जयंती झाली की निघतो, यंदा तुमच्या शेतात बसतो. या धंद्यात कागद नसतो. एकदा शेताला हो म्हटलं की घरात मयत झालं तरी मेंढरं त्या दिवशी त्या बांधावर पोहोचतात. पंचफुलाबाई अशाच माणसांत वाढलेली. तुम्ही हो म्हणालात, म्हणजे झालं, असं तिला वाटलं. तिची चूक एवढीच.

दिवाळीनंतर तुमचं छापील वेळापत्रक आलं. सुट्ट्या जानेवारी, जून, सप्टेंबर आणि दिवाळी. मार्चमध्ये एक दिवस नाही. एप्रिल-मे भरगच्च, वार्षिक परीक्षा वीस मेला.

"गुर्जी, हे दुसऱ्या गावाचं आलं का हो?" पंचफुलाबाईने विचारलं.

"नाही. सगळ्यांना एकच आलंय, वरून." गुरुजींनी मान वर केली नाही. "आपल्या सह्या त्याला 'ग्रामस्थांची संमती' म्हणून जोडल्यात."

"म्हंजी अंगठे आमचे आन तारखा त्येंच्या?"

गुरुजींनी तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर तुम्ही दिलं नाहीत. "जरा थांबा, बदलेल," असं गुरुजी म्हणत राहिले, छापील तारखा त्यांनी पोरांनाही सांगितल्या नाहीत, आणि पंचफुलाबाई थांबली. भुजंगच्या वस्तीकडे जायचं टाळू लागली. जानेवारीत तुमची सुट्टी आली तेव्हा हळदीचा पाला हिरवा होता. पोरं तीन आठवडे चिंचा पाडत हिंडली. मार्चमध्ये हळदीचे कुकर पेटले आणि वर्ग ओस पडले.

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी भुजंग कोमलला घेऊन शाळेच्या फाटकाशी आला. मागे रस्ताभर मेंढरं.

"अक्का, निघून राहिलो. सुट्टी लागली न्हवं?"

पंचफुलाबाईने तेव्हा सांगितलं. उभ्याउभ्या, सगळं.

त्याने रस्त्यावर पांगणारी मेंढरं काठीने मागे घेतली. "आदी काहून न्हाई सांगितलं? आदी कळतं तर शेतवाल्यायला न्हाई म्हनलो असतो. आता ते वाट पाहून राहिलेत."

"मी ऱ्हाते ना अक्काकडं," कोमल म्हणाली. "परीक्षा दीड महिन्यावर हाय, बाबा."

"आन कोकरं कोण पाहील? माय तुही गुडघ्यानं चालंना." मग पंचफुलाबाईकडे वळून एवढंच म्हणाला, "सहा हप्ते म्हनला व्हता तुमी."

कोमल गेली. दप्तर घेऊन गेली.

मे महिन्यात तुम्ही आला नाहीत, म्हणून तेही सांगतो. शाळेचं बोअर आटलं. खिचडीला पाणी पंचफुलाबाई उत्तमरावांच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. पत्र्याखाली चूल, वर्गांवरही पत्रे. तिसरीतल्या प्रतिक्षाचा घोळणा फुटला आणि वहीवर रक्त पडलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या आईने तिला पाठवलंच नाही. शाळेची दुरुस्ती, रंगकाम दरवर्षी मे महिन्यात व्हायचं, तेही राहिलं. पोरं खिचडीचं ताट तसंच ठेवून भिंतीला टेकायची. तुमच्या ऑफिसातून रोज निरोप यायचा: फोटो पाठवा, हसऱ्या मुलांचे.

आणि एक निरोप असा आला, की सलग तीस दिवस न आलेल्यांची नावं पटावरून कमी करा, हजेरीची टक्केवारी खराब दिसतेय. गुरुजींनी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर त्यांना काय ऐकवलंत, तुम्हालाच माहीत. त्या दुपारी त्यांनी संगणकावर कोमलच्या नावापुढे 'शाळाबाह्य' हा शब्द निवडला.

भुजंग मृगाला परतला. जून म्हणजे तुमची सुट्टी, शाळेला कुलूप. लेकीला आठवीसाठी कुरुंद्याच्या हायस्कुलात घालायचं म्हणून तो दाखला मागायला जुलैत, शाळा उघडली त्या सकाळी, तिला घेऊन आला. तिने वेणी घातली होती, निळा फ्रॉक धुतलेला होता. गुरुजींनी त्याला खुर्ची दिली आणि परीक्षा बुडाली, पटावरून नाव गेलं, जे होतं ते सांगितलं.

"पुन्हा सातवीत बसवतो मी तिला. जबाबदारी माझी," गुरुजी म्हणाले.

"न्हाई, गुर्जी. तिच्यावाल्या पोरी म्होरं गेल्या, आन ती खालच्या लेकरांत बसंल?" त्याचा आवाज चढला नव्हता. "वस्तीवर काय सांगू? सहा वर्सं खडकात मेंढरं बसवली, ती काहून?"

पंचफुलाबाई दारात उभी होती. तांदूळ धुतलेले ओले हात तसेच. "भुजंग, म्या..."

तो तिच्याकडे वळला. लहानपणापासून तो तिला अक्का म्हणत आलेला.

"बाई," तो म्हणाला, "ही शाळेत येत व्हती, येवढा तरी कागूद भेटंल का?"

कोमल जमिनीकडे बघत होती. बापलेक गेले. त्या दिवशी खिचडी खाली लागली. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

आता आज सकाळी तुमचा तोच माणूस पुन्हा आला. गाडीतून नवा गठ्ठा उतरवला. बारमाही शाळेचा प्रयोग यशस्वी झाला म्हणे, हजेरी शंभर टक्क्यांच्या जवळ. आणखी गावं जोडायची आहेत. पालक समाधानी आहेत अशा सह्या हव्यात. "मावशी, तुम्हीच जा. तुमच्या शब्दाला मान आहे."

पंचफुलाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. अठरा वर्षांत ती कुठल्या साहेबासमोर अशी उभी राहिलेली आम्ही पाहिली नव्हती.

"जाते की," ती म्हणाली. "सगळ्यात आदी भुजंगच्या दारात जाते. पण तिथं गेल्यावर बोलू काय?"

"म्हणजे?"

"त्यो इचारंल, महं लेकरू काहून काढलं. तुमच्या सायबाला ठावं असंल. म्या अनपड हाय, मला न्हाई ठावं."

तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "वर कळवतो."

"कळवा. आन फोन लावा आताच, म्या हितंच थांबते."

त्याने फोन लावला. साहेब, तुमच्याकडे वाजला असेल. तुम्ही उचलला नाहीत. ती अजून त्या माणसासमोरून हटलेली नाही, आणि आता तिच्यामागे आम्हीही येऊन उभे आहोत. कोमलचं नाव का काढलंत? बोला.